शेजारणीची मुलगी

या चित्रपटातून मावशीला काय मिळायचं होतं ते आधी सांगून टाकते. पाठीवर 'सल्लागार' असं रंगवलेली घडीची खुर्ची, जिच्यावर ती बसली नाही तरी दुसरं कुणी बसायचं नाही. सकाळी घरी न्यायला येणारी गाडी, आणि ती आली की गल्लीतल्या खिडक्यांचे पडदे हलायचे, तो मान वेगळा. जेवण नायिकेच्या टेबलावर. चित्रपटाच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत 'एका आईच्या खऱ्या अनुभवावरून'. यातलं काही म्हणता काही मिळालं नसतं तरी ती आली असती, कारण तिला हवी होती ती वस्तू या यादीत नव्हतीच. ती तिनं साहेबांना सांगितली नाही, नायिकेला सांगितली नाही. मला सांगितली, कारण तिचा कोट माझ्या मांडीवर होता. न्हाव्यापुढे आणि शिंप्यापुढे माणूस बोलतो. दोघांची नजर कामात असते.

मी कपडेपटात काम करते. जग जुने कपडे नवे करून घ्यायला शिंप्याकडे येतं. मी नवे कपडे जुने करते. विटेनं घासायचे, चहाच्या पाण्यात बुडवायचे, गुडघ्यावर झिजवायचे, एखादं बटण तोडून तिथं भलत्याच रंगाचं लावायचं. प्रेमकथेत आम्हाला इस्त्रीपलीकडे काम नसतं. निर्वासितांचा चित्रपट निघाला की आमची सुगी. साहेबांनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांनी, या आधी तसे दोन काढले होते आणि दोन्हींना बक्षिसं मिळाली होती. स्वतःचं घर बदलायची वेळ आली तेव्हा ते महिनाभर आजारी होते, असं त्यांचा ड्रायव्हर सांगायचा.

गोष्ट अशी होती. लढाई पेटते, एक आई चार वर्षांच्या मुलीला पाठीला बांधून बर्फाच्या खिंडीतून निघते. वाटेत पोर थंडीनं जाते, आईला ते कळत नाही. दिवसभर ती पोरीशी बोलत चालत राहते. पलीकडच्या छावणीत कुणीतरी गाठ सोडायला हात लावतं तेव्हा कळतं. मावशी, म्हणजे सेटवर सगळे तिला तसंच म्हणायचे, पंचवीस वर्षं ही गोष्ट सांगत आली होती, शाळांत, सभागृहांत, रेडिओवर. एका लेखिकेनं त्याचं पुस्तक केलं, पुस्तक गाजलं, त्यावरून हा चित्रपट. एवढ्याशा पोरीच्या मरणावर किती जणांच्या चुली पेटल्या ते मोजायला बसलं तर माझीही त्यात येते, म्हणून मोजत नाही.

मावशीचं सांगणं मात्र साहेबांना फार आवडायचं. डोळ्यांत टिपूस नाही, आवाजात कंप नाही. कुठलं वळण आधी, कुठली चढण नंतर, सगळं क्रमवार. नायिका हातात वही घेऊन विचारायची, त्या क्षणी तुमच्या मनात काय आलं, मावशी. मावशी म्हणायची, "यायचं काय मनात? थंडी होती." साहेब आम्हा सगळ्यांकडे बघायचे. याला संयम म्हणतात, असं त्यांचं म्हणणं.

मला काही तो संयम वाटेना. माझी सासू लग्नात फुटलेल्या बरणीची गोष्ट आजही सांगते तेव्हा मध्ये दोनदा थांबते आणि फोडणाऱ्या नणंदेला तिसऱ्यांदा फोडायला लावते. आपलं नुकसान असं सांगितलं जातं. मावशी सांगायची ती शेजारच्या दुकानातल्या मालाचा भाव सांगावा तशी. भाव अगदी बरोबर, पण स्वतःचं भांडवल त्यात गुंतलेलं नाही.

मग तो कोट. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ होण्याइतकं ऊन होतं, तरी मावशी लोकरीचा करडा कोट घालून यायची. पाठीला गार लागतं, म्हणायची. एक दिवस तो माझ्या टेबलावर टाकून म्हणाली, "खांद्यावर उसवलाय, बघतेस का?"

उसवला नव्हता, झिजला होता. दोन्ही खांद्यांवरून दोन पट्टे, पुढून काखेखाली जाणारे, मागं एकमेकांवर चढलेले. ही झीज मी ओळखते. नायिकेच्या कोटावर तीच आणण्यासाठी मी हाताला फोड येईपर्यंत वीट घासली होती, कारण मूल पाठीला बांधून चालणाऱ्या बाईचा कोट तिथंच झिजतो. पण मावशीकडे साधी पिशवीसुद्धा नसायची. पैसे खिशात, चष्मा डोळ्यांवर.

मी म्हटलं, "काय मावशी, घरी गेल्यावर हमाली करता की काय?"

ती हसली. "स्वस्तातली लोकर आहे गं."

मी आतून जाड अस्तर लावून दिलं. आठवडा गेला नसेल, कोट परत आला. अस्तरही तिथंच विरलेलं. आणि या वेळी मागच्या बाजूला, पाठीच्या मधोमध, एक ओलसर डाग. घाम म्हणावा तर घाम उबदार असतो. हा हाताला गार लागला. इस्त्री फिरवली, सुकला. चहा पिऊन आले तर पुन्हा होता तिथंच.

त्याच सुमारास सेटवाल्यांनी बाहुली करून आणली. भुसा आणि वाळू भरलेली, मेणाचा चेहरा, खरे केस. साहेबांना त्यांचा अभिमान वाटला, पण नायिका म्हणाली की पाठीवर काही आहे असंच वाटत नाही, उशी बांधल्यासारखं होतं. साहेबांनी मावशीला बोलावलं. मावशी बाहुलीकडे न बघताच सांगू लागली. डोकं उजव्या खांद्याशी टेकायला हवं, डावीकडे नाही. डावा पाय गाठीतून सुटतो आणि चालताना मांडीला लागतो, तो तसाच सोडा, बांधू नका. आणि वजन मधे नको, खाली हवं, झोपलेल्या मुलाचं खाली उतरतं. सेटवाल्यांनी वाळू हलवली, पाय सोडला. नायिका चार पावलं चालली आणि थांबली. म्हणाली, आता खरं वाटतंय. तिनं लगेच ती काढायलाही लावली.

दुपारी मावशी माझ्याकडे येऊन बसली, कोट काढून माझ्या मांडीवर टाकला. इस्त्रीची वाफ होती, दार लोटलेलं होतं. मी सरळच विचारलं. म्हटलं, मावशी, मी कापडावर खोट्या खुणा करून पोट भरते. खरी खूण मला कळते. तुमच्या पाठीवर काय आहे?

तिनं फार आढेवेढे घेतले नाहीत. ऐकणारं कुणी भेटलं की बरं, असा तिचा चेहरा झाला.

खिंड ओलांडून आलेल्या बायकांना एका लांबट शेडमध्ये ठेवलं होतं. एकेकीला आत बोलावून अधिकारी तिची हकीकत ऐकायचा, आणि पटली तरच राहायचा परवाना. ज्या आपली हकीकत सांगायला बसल्या त्या कोसळायच्या. पहाटेचं संध्याकाळी व्हायचं, नदी डोंगराच्या आधी यायची, मेलेला भाऊ पुढच्या वाक्यात जिवंत असायचा. अधिकारी म्हणायचा, काल वेगळं सांगितलंत. आणि परत पाठवायचा. हे बघून शेडमधल्या बायकांनी एक रीत पाडली. आपलं आपण सांगायचं नाही, शेजारच्या खाटेवरलीचं सांगायचं. परदुःख शीतळ म्हणतात ते काही उगीच नाही. दुसरीचं दुःख डोकं ठिकाणावर ठेवून सांगता येतं. रात्री खाटेवर बसून दोघी एकमेकींना शिकवायच्या, पाढे घोकल्यासारखं घोकायच्या, आणि सकाळी आत जाऊन एकही चूक न करता सांगून यायच्या. शेडमधली एकही बाई त्यानंतर परत गेली नाही.

पाठीवर मेलेली मुलगी मावशीची नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या बाईची होती.

मावशीचा होता मुलगा. पाच वर्षांचा, कान बाहेर आलेले. रस्त्यात एक ट्रक थांबला, त्यात एकाच लहानग्यापुरती जागा होती. तिनं त्याला अनोळखी लोकांच्या हातात चढवलं, म्हणाली मी मागून येते. ट्रक कुठं गेला ते कळलं नाही. ही हकीकत शेजारणीनं सांगितली. दोघींना परवाने मिळाले. ठरलं होतं असं की एकदा स्थिरस्थावर झालं की ज्याचं त्याला. पण दोघींना दोन वेगळ्या शहरांत धाडलं.

"आणि मग?" मी विचारलं.

दोन वर्षांनी मुलगा सापडला. हरवलेली मुलं शोधणाऱ्या कचेरीनं शोधला, आणि ट्रकात मूल चढवल्याचं जिनं सांगितलं होतं तिच्या ओटीत नेऊन घातला. मावशीनं वर्तमानपत्रात फोटो पाहिला. मुलाचे कान तिनं ओळखले. ती कचेरीत धावली. तिथल्या माणसानं तिला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि समजूत घातली की बाई, तुमचं मूल गेलं, तुम्हीच सांगितलंय, इतकं नीट खोटं कुणी सांगत नाही. शेजारणीचा पत्ता द्यायचा नियम नव्हता. आणि खरं बोलावं तर तेव्हा दोघींचे परवाने गेले असते, मुलासकट.

"म्हणून मी तिच्या मुलीची गोष्ट सांगत सुटले," मावशी म्हणाली. "म्हटलं, कधीतरी तिच्या कानावर पडेल. आपली पोर आठवेल, येईल न्यायला. तिचं तिला देईन, माझं मला घेईन. पुस्तक आलं, ती आली नाही. पुस्तकं वाचतंय कोण? सिनेमा मात्र सगळे बघतात."

म्हणजे हा सगळा दीडशे माणसांचा संसार, क्रेन, दिवे, कागदाचा बर्फ, मावशीच्या दृष्टीनं एका बाईला मारलेली हाक होती. मी म्हटलं, हुशार आहात. ती म्हणाली, हुशार असते तर माझं मीच सांगितलं असतं, रडत रडत.

उठताना ती दाराशी थांबली.

"एक सांगू? डोकं कुठं टेकायचं ते शेजारणीनं मला शिकवलं होतं. तो पाय सुटतो ते नव्हतं शिकवलं. ते तिनं कुणालाच सांगितलेलं नाही."

मी इस्त्री उचलली नाही, आणि टेबलावरच्या कापडावर तपकिरी त्रिकोण उमटला. तो कपडेपटात अजून आहे. असू दे म्हटलं, जुना दिसतो.

सेटचे फोटो वर्तमानपत्रात छापून आले आणि मावशीची हाक पोचली. चित्रपट लागायचीही वाट बघावी लागली नाही. शेवटच्या दृश्याची तयारी चालली होती. गोदामात खिंड उभी केली होती, वरून पंखे कागदाचा बर्फ पाडत होते, खाली आम्ही घामानं निथळत होतो. नायिकेच्या पाठीवर मी स्वतः बाहुली बांधली. तेवढ्यात दरवानानं दोन पाहुण्यांना आत आणलं. एक पन्नाशीची बाई, ताठ पाठीची, गुबगुबीत, फुलांचा झगा. बरोबर तिशीचा तरुण. मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. कान दिसत होते.

मावशी खुर्चीतून उठली. बाईच तिच्याकडे आली, दोन्ही हात धरले. म्हणाली, "तुम्हाला रेडिओवर ऐकलं होतं हो. फोटो बघितला आणि म्हटलं, आपण शेडमध्ये शेजारी होतो, भेटून यावं. फार वाईट झालं तुमच्या मुलीचं."

"माझ्या?" मावशी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अगं, तुझी ना ती? आता कुणाची भीती नाही. आता सांगितलं तरी चालतं."

बाई गोंधळलेली दिसली. नाटक करणारी माणसं मी रोज बघते. ते नाटक नव्हतं.

मावशी तरुणाकडे वळली. "मी तुझी आई," म्हणाली. "ट्रकात मी चढवलं तुला."

तरुण भला होता. रागावला नाही, हसला नाही. त्यानं फक्त शेजारच्या बाईकडे पाहिलं, आणि ती बोलू लागली. ट्रक निळा होता, नाही, हिरवा, पहाट होती, म्हणजे ऊन पडलं होतं, ह्याच्या पायात एकच बूट होता, तो मी खिशात घातला, नाही, तो नंतर, ट्रक सुरू झाला आणि हा मागं वळून बघेना, मी म्हटलं एकदा तरी बघ. आणि ती रडायला लागली, झग्याचं टोक तोंडात कोंबून. सगळं उलटसुलट, एका वाक्याचा दुसऱ्याला मेळ नाही. त्या अधिकाऱ्यानं ऐकलं असतं तर जागच्या जागी परत पाठवलं असतं. तिथं उभ्या असलेल्या कुणालाच मात्र शंका उरली नाही की हे तिचंच आहे.

तरुणानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मावशीला म्हणाला, "तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. मला एकच आठवतं, चढवताना आईनं कानात काहीतरी सांगितलं होतं. काय सांगितलंत?"

मावशीनं तोंड उघडलं. उसन्या कोटात खिसा चाचपावा तशी ती शोधत होती, हे मला दिसत होतं. ओठ हलले. मग म्हणाली, "थंडी होती."

"ते तिला दिलं मी," मावशी हळूच म्हणाली, जणू स्वतःशी. पुन्हा शेजारणीकडे वळली, आणि आता त्या आवाजात सौदा नव्हता, विनवणी होती. "बरं, राहू दे त्याला तुझ्याकडे. पण मुलगी तरी तुझी घेऊन जा. थकले गं मी." आणि तिनं नायिकेच्या पाठीकडे बोट केलं.

शेजारणीनं डोळे पुसले, बाहुलीकडे पाहिलं, अगदी दयेनं पाहिलं. म्हणाली, "मला मुलगी कधी नव्हतीच, बाई."

नायिका खाली बसली. बसली म्हणजे कुणी खांद्यावर पोतं टाकावं तशी गुडघ्यांवर आपटली. मला वाटलं चक्कर आली. ती म्हणाली, "हिला काढा. कुणीतरी काढा." मी धावले, गाठ ओढली, गाठ हलेना. कापड बर्फातून काढल्यासारखं ताठ झालं होतं. सेटवाले दोघे आले, बाहुलीच्या काखेत हात घालून उचलू लागले. ज्यांनी ती एका हातात लटकवत आणली होती ते दोघे दात आवळून ओढत होते. एक म्हणाला, नाकापेक्षा मोती जड, आणि दुसऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. बाहुलीचा डावा पाय गाठीतून सुटून खाली लोंबत होता. वरून कागदाचे तुकडे पडत होते, आणि तिच्या केसांवर पडलेले तेवढे विरघळत होते.

मावशी त्यांच्यामधून पुढं आली. नायिकेच्या मागं जाऊन तिनं आपली पाठ फिरवली, गुडघे वाकवले आणि हात मागं केले.

"ये," म्हणाली.

गाठ माझ्या बोटांत सुटली. बाहुली मी उचललीही नसेन, नुसती वळवली, आणि ती मावशीच्या पाठीवर होती, डोकं उजव्या खांद्याशी. मावशी उभी राहिली, काही न उचलल्यासारखी. मग तिला रडू फुटलं. पंचवीस वर्षं न आलेलं, आवाज करत, नाक गळत. आणि ती मुलीशी बोलू लागली, भलतंच काहीतरी, कुठलं आधी आणि कुठलं नंतर याचा पत्ता नाही. तशीच बोलत ती गोदामाच्या दारातून उन्हात निघून गेली. शेजारीण आणि तिचा मुलगा बाजूला सरकले, वाट दिली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

ध्वनीवाल्याचा माइक चालूच होता.

चित्रपट चालला. शेवटी बर्फात एकटी चालणारी आई दिसते आणि मागून ते रडणं येतं, लोक रुमाल भिजवून बाहेर पडतात. साहेबांना तिसरं बक्षीस मिळालं, नायिकेला पहिलं. लेखिकेच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. सेटवाल्यांनी बाहुली गहाळ म्हणून दाखवली आणि त्यांना कुणी विचारलं नाही. मला पुढच्या निर्वासितांचं काम मिळालं. शेजारणीचा मुलगा तिच्याजवळ राहिला, आता कुणी मागायलाही येणार नाही. त्याला एक आई होती, तीच राहिली. आणि जिला तिची स्वतःची आई विसरली त्या मुलीला न्यायला शेवटी कुणीतरी आलं.

मावशीला आता शाळांतून बोलावणं येत नाही. सांगता सांगता रडते आणि क्रम चुकतो, अशी तक्रार आहे. मध्यंतरी मी तिच्या घरी गेले होते. चहा पिता पिता मी मुलाचं काढलं, पत्ता मिळालाय, एखादं पत्र टाकायचं का. तिनं माझ्याकडे नीट, प्रेमानं पाहिलं आणि विचारलं, कुठला मुलगा.

सगळ्यांच्या पदरात काही ना काही पडलं. भरलं एकटीनं. आणि आपण काय भरलं हेही तिच्याजवळ उरलेलं नाही.